टेकडीवरून दिलेली हाक

मी जो काही आहे तो अक्कामुळे. आई-वडील गेल्यावर माझ्या या थोरल्या बहिणीनं मेंढरं राखून मला शिकवलं; आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गेल्या हिवाळ्यात सोलापूरच्या दवाखान्यात तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी ती म्हणाली, "बिरोबाचा भंडारा कपाळाला लागल्याबिगर मी आत जायची न्हाय. आन् तू हितं नसलास तर न्हायच न्हाय." देव ऐकतो का, याची मला तेव्हा खात्री नव्हती. तरी निघालो.

आमचा बिरोबा उजनीच्या पाण्यातल्या एका टेकडीवर आहे. धरण झालं, भोवतालचं रान बुडालं आणि टेकडीचं बेट झालं. उंची ती काय, शेळी एका दमात चढेल. माथ्यावर काळे दगड, वाळलेलं गवत, बिनछपराचं ठाणं. चहूकडे राखाडी पाणी, त्यात बाभळीची मेलेली खोडं आणि लांब पलीकडे उसाची हिरवी रेघ. दर्शन झालं की माथ्यावरून मोठ्यानं चांगभलं म्हणायचं, ते ऐकून होडीवाला न्यायला येतो, अशी तिथली रीत. एकट्यानं ओरडायची मला लाज वाटली. मनातल्या मनात हात जोडले, भंडारा रुमालात बांधला आणि उतरलो. खाली होडी नव्हती. हाक आली नाही, वारा सुटला, तेव्हा मी दुसऱ्या होडीनं गेलो असं समजून तो निघून गेला असणार.

फोनला रेंज नव्हती. ऊन कलत होतं. मी परत माथ्यावर गेलो. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. दवाखान्यात दाराकडं डोळे लावून बसलेली अक्का तेवढी मनापुढं दिसत होती. ती मेंढरांना हाक घालते तसा पोटातून ओरडलो, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आवाज वाऱ्यात विरला. ओरडत राहिलो. घसा फाटला, तेव्हा खाली पाण्यावरून एका बाईचं उत्तर आलं, "चांगभलं!"

ती मासे धरणारी. एरवी या अंगाला येत नाही, वाऱ्यानंच होडी इकडं लोटली, म्हणाली.

"कवाधरनं हायस हितं?"

"दुपारपासून, मावशी."

"मंग आदी काय मुका हुतास? बस खाली, होडी हलवू नगंस."

सकाळी अक्काच्या कपाळाला भंडारा लावला. "लई वाट बघाय लावलीस की," म्हणाली आणि शांतपणे आत गेली. बरी होऊन गावी परतली, मी शहरातल्या माझ्या खोलीवर. ज्या वाऱ्यानं माझी होडी नेली, त्यानंच दुसरी आणली. देव ऐकतो का, याचा तेव्हापासून मी विचार करत नाही, हात जोडतो. फोनवर हे तिला सांगता येईना, म्हणून पत्र धाडलं:

"तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार. हे कुणाकडून तरी वाचून घे. इथं खोलीत मी एकटाच असतो. रोज दिवेलागणीला मोठ्यानं चांगभलं म्हणतो. शेजारचे हसत असतील. तिकडं मेंढरं कोंडताना तूही उत्तर देत जा. मला ऐकू यायचं नाही, पण आलं असं मी धरीन."