वाऱ्याची सावड

बारामतीच्या एसटी स्टँडासमोर चहाला थांबलो की अजूनही कुणीतरी विचारतंच, "तात्या, खरं सांगा, कुंडलिक जिंकला का त्याला जिंकवला?" विचारणाऱ्यानं आयुष्यात सायकलवरून दळण आणण्यापलीकडं काही केलेलं नसतं, पण मत मात्र असतं. मला राग येतो आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगत बसतो. तोवर चहा गार होतो. आज एकदाचं लिहूनच टाकतो, म्हणजे इथून पुढं चहा तरी गरम मिळेल.

मी संभाजी, निमगाव केतकीचा. भाजीपाला करतो. माझी पिकअप एरवी टोमॅटोचे क्रेट वाहते, पण जानेवारीत आपल्याकडं तीन दिवसांची सायकल शर्यत असते, तेव्हा ती आमच्या सायकल मंडळाच्या पोरांच्या मागून चालते. मागं चाकं, पंप, पाण्याच्या बाटल्या, केळी, आणि स्टिअरिंगवर मी. शर्यत बघायला लोक शेवटच्या रेषेवर गर्दी करतात. तिथं फक्त कोण पहिला आला ते दिसतं. कोण कशानं पहिला आला, ते मागच्या गाडीतून दिसतं.

कुंडलिक कोऱ्हाळे बुद्रुकचा. वय चौतिशीच्या आसपास, अंगानं काटक, बोलणं जेवढ्यास तेवढं. घरचा थोडा ऊस आणि हातात ठिबक बसवायचं काम. लोकांच्या रानात नळ्या अंथरायला जायचा तोसुद्धा सायकलवर. आमच्या मंडळात नऊ वर्षं होता, पण निकालात त्याचं नाव कुणी कधी शोधलं नाही. त्यानंही नाही.

त्याचं काम वारा अडवायचं. सायकलवाल्याला चढाचा एवढा त्रास नसतो, समोरचा वारा त्याला खातो. म्हणून एकजण पुढं राहून वारा अंगावर घेतो आणि बाकीचे त्याच्या चाकामागं चाक लावून चालतात. त्यांची ताकद वाचते. शेवटी पुढचा दमून बाजूला होतो, आणि मागचा ताजातवाना सुटतो आणि नंबर काढतो. आमच्यात पुढचा म्हणजे कुंडलिक. उसाचे तुरे कुठल्या अंगाला वाकलेत ते बघून तो रस्त्याची बाजू बदलायचा, म्हणजे मागच्यांना आडोसा मिळावा. काम संपलं की सगळा घोळका त्याला टाकून निघून जायचा आणि हा एकटा, त्याच वाऱ्यात, रडतखडत सगळ्यांच्या शेवटी पोचायचा. पुढं होता तेव्हाही वारा, एकटा पडला तेव्हाही वारा. सायकल पिकअपला टेकवून त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "दिग्विजयचं काय झालं, तात्या?"

दिग्विजय आमचा हुकमी एक्का. मिसरूड फुटायच्या आधी मंडळात आला तो कुंडलिकच्याच मागं सायकल शिकला. दुसरा विजयसिंह, त्याच्याहून लहान, चढाला त्याच्याहून तेज आणि तोंडानं त्याहून तेज. दोघंही कुंडलिकपेक्षा ताकदीचे. यात वाद नव्हता, सगळ्यात आधी कुंडलिकच तसं सांगायचा.

त्या वर्षी पहिला दिवस मोरगावला जाऊन यायचा होता. तो सपक गेला. दुसऱ्या दिवशी बारामतीहून इंदापूर आणि परत. जाताना वारा तोंडावर. लासुर्णे ओलांडल्यावर दिग्विजयनं कुंडलिकला सांगितलं, "दादा, तू सूट एकटाच. बाकीची मंडळं तुझ्यामागं लागतील, दमतील, मग आम्ही बघतो." म्हणजे सरळ सरळ आमिष म्हणून सोडला. कुंडलिकनं बाटलीतून एक घोट घेतला आणि सुटला.

पण त्याच्यामागं कुणी लागलंच नाही. "जाऊ दे, कुंडलिक हाय," असं एकजण म्हणाला ते मला काच खाली असल्यानं ऐकू आलं. बाकीचे हसले. सगळे दिग्विजय आणि विजयसिंहावर डोळे लावून, एकमेकांकडं बघत, निवांत चालले. त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या आल्या, तिथंही वेळ गेला. इंदापूर अजून यायचं होतं तोवर समोरून कुंडलिक परत येताना दिसला. मला बघून त्यानं हात वर करून खूण केली, थांबू का? त्याला वाटलं, मागं काहीतरी बिनसलंय आणि आपण चुकून फार पुढं आलोय. मी खिडकीतून ओरडलो, "जा, थांबू नको!" माझा आवाज त्या दिवशी बसला तो आठवडाभर बसलेलाच होता.

तिन्ही दिवसांचा वेळ मिळून नंबर ठरतो. त्या संध्याकाळी कुंडलिक सगळ्यांच्या पुढं होता, चांगली पाच-सहा मिनिटं. त्याच्या मागं विजयसिंह, मग दिग्विजय. तिसऱ्या दिवशी सोमेश्वरनगर, तिथून मोरगाव आणि मोरगावच्या माळावरून वाऱ्याच्या तोंडावर बारामती. त्या माळावर हे दोघं सुटले तर पाच मिनिटं खाऊन टाकतील, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

दुसऱ्या दिवसाचं जेवण दरवर्षी कुंडलिकच्या घरी असतं. त्याची आई प्रयागबाई चुलीवर भाकरी करते, वांग्याचं भरीत असतं, शेंगदाण्याची चटणी असते. दिवस मावळायला आला होता, आम्ही अंगणात जेवायला बसलो होतो. विजयसिंहानं विषय काढला.

"मी स्पष्ट बोलतो, तात्या. उद्या माळावर मी आणि दिग्विजय सुटलो तर दादा आमाला दिसणार बी न्हाय. मग काय मुद्दाम हळू चालवायची? त्याला शर्यत म्हणत्यात का? ज्याच्या पायात ताकद त्याचा नंबर."

पोरगं खोटं बोलत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दिग्विजय ताटाकडं बघत भाकरीचा तुकडा मोडत राहिला. कुंडलिक मात्र शांत होता.

"बरोबर हाय त्याचं," तो म्हणाला. "मी उद्या न्हेमीसारखा पुढं ओढतो. माळाला लागलं की सोडतो. मग तुमी दोघं जावा, काय व्हईल ते व्हईल."

मी ताट बाजूला सारलं. "अरे, पहिला आहेस तू! पहिल्यानं कुणाचा वारा अडवायचा?"

"सवय हाय, तात्या," असं म्हणून तो हसला. मला ते हसणं बघवलं नाही.

चुलीपाशी प्रयागबाईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "संभाजीराव, कशाचं भांडान लागलंय?"

मी तिला समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ह्यो रोज ह्येंचा वारा अडावतो. ह्येंनी ह्येचा कवा अडावला?"

"न्हाय, आक्का. तशी पद्धत नसती."

"आमच्यात आसती," ती म्हणाली. "खुरपणीला आमी दहाजणी सावडीनं जातो. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. भागूबाईला गुडघ्यामुळं बसवत न्हाय, तिची खुरपायची पात सगळ्यांच्या मागं ऱ्हाती. म्हणून तिच्या रानाच्या दिवशी आमी गेलो न्हाय का? दहाच्या दहा गेलो. तिनं दिवस दिला, तिला दिवस द्यायचा. किती खुरापलं ते कोण बघतंय."

"काकू, ती शेती झाली," विजयसिंह म्हणाला. "ही शर्यत हाय."

"आसंल बाबा. मला त्यातलं काय कळतंय?" तिनं त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली. "खा. उद्या लांब जायचंय."

घरी जाताना दिग्विजयनं चप्पल घातली, काढली आणि परत आत जाऊन प्रयागबाईच्या पाया पडून आला. एरवी तो पाया पडणाऱ्यातला नव्हे.

सकाळी सुटायच्या रेषेवर कुंडलिक सवयीनं सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिला. दिग्विजयनं त्याच्या सायकलच्या सीटला धरून त्याला मागं ओढला. "दादा, आज माझ्या मागं."

"आरं, पण तुझा नंबर..."

"दादा, मागं."

विजयसिंहानं हे ऐकलं आणि मान फिरवली. त्यानं काही कबूल केलं नव्हतं.

सोमेश्वरनगरपर्यंत वारा पाठीशी होता. कारखान्याचा वास आला, ऊसतोडीच्या खोपटांतली पोरं रस्त्याकडेला येऊन टाळ्या पिटत होती. तिथवर सगळं ठीक होतं, फक्त कुंडलिक मागं टिकेना. नऊ वर्षांची खोड. दर थोड्या वेळानं तो बाजूनं पुढं सरकायचा आणि दिग्विजय हातानं त्याला मागं दाबायचा. मला गाडीत हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

मोरगाव गेलं, माळ लागला आणि वारा असा आला की माझ्या पिकअपची ताडपत्री फडफडायला लागली. आणि विजयसिंह सुटला. बघता बघता तो पुढच्या वळणाआड गेला. कुंडलिक लगेच पुढं झेपावला, विजयसिंहाला गाठायला नाही, तर दिग्विजयला त्याच्यापर्यंत नेऊन सोडायला. त्याच्या डोक्यात दुसरा विचार येतच नव्हता. दिग्विजय ओरडला, "दादा, मागं ऱ्हा म्हणतो ना!" मग तो पुढं झाला आणि खाली वाकला.

दिग्विजयला मी खूप वेळा जिंकताना बघितलं होतं, पण असा चालताना कधी बघितला नव्हता. दुसऱ्यासाठी वारा खायची त्याला सवय नव्हती. पाठ हलायला लागली, मान वाकडी झाली, तरी त्यानं कोपर हलवून कुंडलिकला पुढं ये म्हटलं नाही. बाकीची मंडळं एकेक करून मागं गळाली. पुढं लांबवर विजयसिंहाचा ठिपका दिसायला लागला. तोही आयुष्यात पहिल्यांदाच माळावर एकटा होता, त्याच्यापुढं अडवायला कुणी नव्हतं. ठिपका हळूहळू मोठा झाला.

त्याला गाठलं तेव्हा दिग्विजयचं संपलं होतं. तो बाजूला झाला आणि माझ्या गाडीच्या मागं निघून गेला, नेहमी कुंडलिक जायचा तसा. आता रस्त्यावर विजयसिंह आणि कुंडलिक, दोघंच. हा पोरगा थोडा दम खाईल आणि पुन्हा सुटेल, मग कुंडलिकचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

विजयसिंहानं मागं वळून कुंडलिककडं बघितलं. त्याचं तोंड धुळीनं आणि घामानं माखलं होतं. मग तो पुढं गेला, कुंडलिकच्या बरोबर समोर आला आणि एक हात मागं नेऊन खूण केली, माझ्या मागं बस. तिथून बारामतीपर्यंत त्यानं एकदाही कुंडलिकला पुढं ये म्हणून खूण केली नाही आणि वेगही सोडला नाही. मी रडलो, सांगायला कसली लाज.

कुंडलिक जिंकला. ढाल घेताना फोटोत त्याचे डोळे मिटलेले आलेत. तो फोटो आता प्रयागबाईच्या घरात, देवळीच्या वर लावलेला आहे.

समारंभ उरकल्यावर आम्ही सगळे पिकअपपाशी होतो. दिग्विजय मागच्या फळीवर बसला होता आणि त्याला बाटलीचं झाकण उघडता येत नव्हतं. कुंडलिकनं ते उघडून दिलं. विजयसिंह चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. मला वाटलं, आता कुंडलिक काहीतरी आनंदाचं बोलेल, म्हणून मी विचारलं, "काय पैलवान, कसं वाटलं?"

तो ढाल घेऊन दिग्विजयच्या शेजारी फळीवर बसला.

"तात्या," तो म्हणाला, "मागं वारा लागतच न्हाय."

"मग? म्हणूनच तर मागं बसवतात."

"मला वाटायचं, त्यास्नी बी लागत आसंल. जरा कमी, पर लागत आसंल." ढाल त्याच्या मांडीवर होती, तिच्याकडं त्याचं लक्ष नव्हतं. "मागं किती गप आसतं. चाकाचा आवाजसुदीक ऐकू येतो. मला नऊ वर्षांत म्हाईतच नव्हतं, तात्या, मी काय अडावतोय ते."

दिग्विजयनं बाटली तोंडाला लावली होती, ती तशीच खाली ठेवली. विजयसिंह जमिनीकडं बघत राहिला.

चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, कुंडलिक जिंकला का जिंकवला, तर इथून पुढं मी एवढंच सांगणार. त्याला नाही, त्या दोघांना विचारा. त्या दिवशी पुढं ते होते.