कढईकाकांचं नाक

त्या हॉटेलात सगळे त्यांना कढईकाकाच म्हणायचे. बावीस वर्षं एकाच शेगडीपुढे उभे, मग दुसरं काय म्हणणार! आणि हॉटेल तरी कसलं, तर चीन, जपान, थायलंड, सगळ्यांचं जेवण एकाच छपराखाली. समोर तळं, तळ्यात बोटी, दारात फिरायला आलेल्यांच्या गाड्या. आत गेलं की पाय रुतेल असा गालिचा, आणि साधं पाणीसुद्धा विचारून विचारून ओतायचे.

सगळं झकास, फक्त काकांचं नाक गेलं होतं. कापलं नव्हतं बरं का कुणी, जागेवरच होतं, चांगलं धारदार. पण गेल्या वर्षी ताप आला आणि उतरताना वास घेऊन गेला. लसूण करपला तरी पत्ता नाही. हे ठाऊक होतं एकट्या भाचीला. तीही तिथेच वाढायला होती. बशी न्यायच्या आधी ती वाकून वास घ्यायची. ठीक असलं की मान हलवायची, नसलं की नाक मुरडायची. काका म्हणायचे, "तुझ्या नाकावर माझं घर चाललंय गं."

ती म्हणायची, "मग सर्दी झाली की मला भरपगारी सुट्टी दे, मामा!"

त्या दुपारी नेमकं भाचीला वरच्या गच्चीवर धाडलेलं. खाली खिडकीशी एक कुटुंब येऊन बसलं. आजोबा, सून आणि सहा-सात वर्षांची नात. सुनेनं वाढप्याला तीन-तीनदा बजावलं, "हिला शेंगदाणा चालत नाही. कणभर गेला तरी गळा सुजतो, श्वास अडकतो." त्यानं आत येऊन तसंच्या तसं सांगितलं. काकांनी कढई घासून घेतली, झारा बदलला, सवयीनं बरणी उचलली, तिळाची पेस्ट घालून नूडल्स परतल्या. बशी गेली.

मग बरणी जागेवर ठेवायला गेले, तर तिच्यावर चिठ्ठीच नाही. शेजारच्या बरणीवरही नाही. दोन्ही चिठ्ठ्या वाफेनं सुटून ओट्यावर पडलेल्या, एक तिळाची, एक शेंगदाण्याची. आतली पेस्ट म्हणशील तर दोन्हीकडे दिसायला एकसारखी, तपकिरी आणि दाट, जशा काही जुळ्या बहिणी. दुसऱ्या कुणाला झाकण उघडल्या उघडल्या कळलं असतं. काकांनी एका बरणीत नाक खुपसलं. काही नाही. दुसरीत खुपसलं. काही नाही. बोट बुडवून चाटलं, तर नुसतं गुळगुळीत.

आता कुणाला विचारत बसायला वेळ कुठला! काका तसेच धावत सुटले, तेलकट ॲप्रन लावून, त्या मऊ गालिच्यावरून. आचाऱ्यानं बाहेर पाऊल टाकायचं नाही असा तिथला कडक नियम. मालकीणबाई काउंटरवरून उठल्याच.

पोरगी दोन काड्यांनी नूडल उचलत होती. उचललं की निसटायचं, उचललं की निसटायचं.

"काटा घे की," आजोबा म्हणाले.

"नाही! काडीनंच!" जीभ बाहेर काढून तिनं पुन्हा उचललं, तोंडाशी नेलं, आणि काकांनी काड्या, बशी, सगळंच ओढून घेतलं.

"अहो, हे काय चालवलंय!" सून ओरडली.

मालकीणबाई आल्या. ओठांवर हसू, पण दात आवळलेले. "बशीत केस पडला असेल. हो ना, काका?"

बाईंनी वाटच काढून दिली की! नुसती मान डोलवायची होती. कढई राहिली असती, अब्रू राहिली असती. पण सुनेचं लक्ष पोरीच्या ओठांकडे. "ए, काडी चाटलीस का?"

"थोडीशीच."

सुनेनं पर्समधून ॲलर्जीवरचं इंजेक्शन काढलं. "काय घातलंय यात? खरं सांगा. टोचू का हिला?"

काका म्हणाले, "तीळ असेल. शेंगदाणाही असेल. मला नाही माहीत."

"अहो, वासावरून कळत नाही तुम्हाला?" आजोबा म्हणाले.

"मला वासच येत नाही. वर्ष झालं."

भाची जिना उतरत होती, तिच्या कानावर पडलं. दोन-दोन पायऱ्या गाळत आली आणि बशीवर वाकली. "तीळ आहे. नुसता तीळ."

आजोबांनीही हुंगलं. "तीळच."

तरी सून इंजेक्शन धरून पोरीचा श्वास बघत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पोरगी कंटाळली. "मग मी खाऊ का?"

"केस पडला म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं, मामा?" भाची कुजबुजली.

"गप." काका पोरीकडे वळले. "ते नको बाळा. दुसरं करतो."

सून उठायला निघाली. आजोबा म्हणाले, "बस. इथला माणूस निदान खरं तरी बोलला."

मालकीणबाई म्हणाल्या, "करा. भाचीला शेजारी उभी करा. आणि एवढं झालं की कढई सोडायची, काका. उद्यापासून पीठ मळायला बसा."

"बरं," काका म्हणाले. बावीस वर्षांवर तेवढा एकच शब्द.

कोरी कढई घेतली, नवं तेल फोडलं, बरण्यांना हातच लावला नाही. भाची एकेक जिन्नस हुंगून हातात देत होती. बशी काकांनी स्वतः नेली. पोरीनं या खेपेला मुकाट्यानं काटा घेतला. सगळे तिच्या गळ्याकडे डोळे लावून.

तिनं घास गिळला. "मीठ कमी आहे," म्हणाली.

काका खो खो हसायलाच लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "असणारच! हात कापत होता ना माझा!" आणि भर हॉटेलात भाचीला घसा ताणून ओरडले, "अगं ए, मीठ आण!"