टाचणीचे आखूड कोट

टाचणीच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या, म्हणून ती टाचणी. अंगकाठीही तशीच आहे, पण नाव पडलं ते टाचण्यांवरून. खरं नाव सांगायला तिच्या आत्यालाही जरा थांबावं लागतं.

ओठांच्या कोपऱ्यात टाचण्या धरून ती गिऱ्हाइकाभोवती गुडघ्यांवर फिरायची. गिऱ्हाईक विचारायचं, "किती होतील गं?" टाचणी "हं हं" करायची आणि घेर टाचत राहायची. गिऱ्हाईक थोडी वाट बघायचं आणि स्वतःच एक आकडा सांगायचं. टाचणी मान हलवायची.

तिच्या मनगटावर टाचण्यांची छान उशी बांधलेली असते. तोंडात टाचण्या धरायची काही गरज नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तिला किंमत सांगायची लाज वाटायची.

मी साहित्यात पदवी घेतली आणि घरी बसले. तिने मला कपड्यांवर लावायच्या चिठ्ठ्या लिहायला बोलावलं. "तुझं अक्षर बरं आहे आणि तुला काम नाही," म्हणाली. दोन्ही खरं होतं. चिठ्ठीवर किंमत लिहिली की ती बोलावी लागणार नाही, असा तिचा बेत होता. बेत फसला. लोक चिठ्ठी वाचायचे आणि तरी विचारायचे, "शेवटचं काय ते सांग." टाचणी म्हणायची, "हं हं."

तिची खोली वडिलांच्या दुकानाच्या मागे होती. पुढे मास्तरांचं शिवणकाम, मागे तिचं, आणि मधे एक जाड पडदा. मास्तर म्हणजे तिचे वडील. सगळा रस्ता त्यांना मास्तरच म्हणतो. नवे कपडे त्यांच्याकडे फारसे येत नव्हते. पँटी आखूड करायला यायच्या, अडकलेल्या चेन यायच्या. ते चेन दुरुस्त करायचे आणि पडद्याकडे बघायचे. आत काय चाललंय ते विचारायचे नाहीत. पण कापायचं काही मोठं असलं की टाचणी पडदा सारून म्हणायची, "बाबा, कात्री मोकळी आहे का?" मास्तर लगेच उठायचे. जणू काही सकाळपासून तेवढ्यासाठीच बसले होते.

त्याआधी टाचणी एका मोठ्या कपडे कंपनीत होती. तिथे ती कागदावर फक्त कॉलर काढायची. बाह्या दुसरं कोणी काढायचं, खिसे तिसरं कोणी. "पूर्ण माणूस कधी बघितलाच नाही," असं म्हणायची. नोकरी सोडून ती स्वतःचे कपडे करायला लागली. सगळ्यात आधी आत्या आली आणि झगा घालून गेली. "घरचंच तर आहे," म्हणाली. मग आत्याच्या ओळखीच्या आल्या. त्यासुद्धा घरच्याच निघाल्या. टाचणीचे कपडे आवडत सगळ्यांना होते, पण तिच्या हातात काही उरत नव्हतं. कंपनीचा पुन्हा फोन आला होता. कॉलरवाली जागा रिकामी होती.

तेवढ्यात दुकानवाल्या बाई आल्या. बाईंचं बायकांच्या कपड्यांचं मोठं दुकान होतं. टाचणीने स्वतःसाठी शिवलेला लांब, तपकिरी कॉर्डरॉयचा कोट त्यांनी तिच्या अंगावर बघितला होता. तसे कोट त्यांना थंडीसाठी हवे होते. बरेच हवे होते. "नीट दिलेस तर पुढच्या हंगामाचं बघू," म्हणाल्या.

"हे जमलं तर मी इथेच," टाचणी मला म्हणाली. "नाही जमलं तर कॉलरी." त्या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या. मग ती कापडाचा हिशेब सांगत बसली. कापडच इतकं महाग होतं की मागे जवळजवळ काही राहणार नव्हतं. आम्ही हळूच बोलत होतो. पण पडदा म्हणजे भिंत नव्हे.

सगळे कोट मास्तरांनी कापले. कापडाच्या घड्या टेबलावर अंथरल्या, पाठ वर करून, म्हणजे खडूच्या खुणा आतल्या बाजूला राहतात. संध्याकाळी पडदा सारून आत आले. हातात उरलेल्या कापडाचा गुंडाळा होता. तान्हं मूल दाखवावं तसा त्यांनी तो पुढे धरला.

"बघ. एवढं वाचवलं."

टाचणीला विश्वासच बसेना. तिने मास्तरांना मिठी मारली. मास्तर म्हणाले, "अगं टाचण्या, टाचण्या!"

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्या मावशींनी पहिला कोट जोडून आणला. या मावशी टाचणीकडे शिवायला येतात. कोणाच्या सख्ख्या मावशी नाहीत, पण दरारा सख्ख्या मावशीचाच आहे. आम्ही कोट खिडकीजवळच्या पुतळ्यावर चढवला आणि मागे सरून उभ्या राहिलो.

कोटाची डावी बाजू तपकिरी होती. उजवी बाजू जवळजवळ काळी.

"उजेडामुळे असेल," मावशी म्हणाल्या. त्यांनी पुतळा फिरवला. काळी बाजू काळीच राहिली.

टाचणी पुढे झाली. तिने डाव्या बाजूवरून हात खाली नेला. मग उजव्या बाजूवरून. मग एकेक करून तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि उशीत खोचल्या.

कॉर्डरॉयला लव असते, मांजराच्या पाठीला असते तशी. एका दिशेने हात फिरवला की मऊ लागते, उलट्या दिशेने फिरवला की अंगावर येते. उलटी लव जास्त गडद दिसते. म्हणून असल्या कापडाचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे असतात. मग कापड जास्त लागतं. साध्या कापडाचं तसं नाही. एक तुकडा सुलटा ठेवायचा, शेजारचा उलटा, एकाच्या खांद्याजवळच्या रिकाम्या जागेत दुसऱ्याचा घेर बसवायचा. कापड वाचतं. मास्तरांनी आयुष्यभर सदरे असेच कापले होते. आणि हे कोट कापताना तर लव खाली होती, टेबलाच्या बाजूला. हाताला लागलीच नाही. मनात एकच होतं, पोरीचं कापड वाचवायचं.

उजव्या बाजूचे पुढचे सगळे भाग उलटे होते. उजव्या बाह्यासुद्धा.

"कसा झालाय गं?" पडद्यापलीकडून मास्तरांनी विचारलं.

टाचणीने आमच्याकडे बघितलं. "छान झालाय, बाबा."

मावशींनी कपाळावर हात मारला. "सांग त्यांना," त्या कुजबुजल्या.

"नाही."

"अगं, वडील आहेत. खातील का तुला?"

"मला नाही खाणार. मावशी, दारातली स्कूटर बघितलीत ना?"

ती स्कूटर सगळ्यांनी बघितली होती. मास्तरांचा एकदा एका हातगाडीला धक्का लागला होता. कोणाला खरचटलंही नाही. पण त्यांनी घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवली आणि परत काढली नाही. स्कूटर दारात गंजत होती.

"आता कात्री खिळ्याला जाईल," टाचणी म्हणाली. "मग ते दिवसभर काय करतील? चेन?"

मावशींनी पुतळ्यावरचा कोट उतरवला.

मग तिने जे केलं ते मला अजून नीट समजलेलं नाही. मी समोर होते, तरीसुद्धा. न जोडलेला एक उजवा भाग तिने टेबलावर ठेवला. तो फिरवला, डोक्याचे पाय केले. आता लव बरोबर होती, पण आकार उलटा. त्यावर तिने कोटाचा कागदी नमुना ठेवला. बसेना. तिने नमुना कमरेच्या जरा खाली दुमडला. बसला.

"लांब कोट गेला," ती म्हणाली. "आखूड आला."

"आणि बाह्या?" मावशी.

टाचणीने कोपऱ्यातला गुंडाळा उचलला. मास्तरांनी वाचवलेलं कापड. उजव्या बाह्या त्यातून निघाल्या. जवळजवळ चिंधीही उरली नाही.

ते सगळं काम मावशींच्या घरी झालं. आम्ही गाठोडी नेत होतो आणि मास्तरांना सांगत होतो की काजं करायला नेतोय. मास्तर म्हणायचे, "एवढी काजं? कोट आहे की चाळणी?" टाचणी हसायची आणि गाठोडं घट्ट धरायची.

दुकानवाल्या बाई ठरल्या दिवशी आल्या. मास्तर तेव्हा धागे आणायला बाजारात गेले होते. त्या वेळी मुद्दामच बोलावलं होतं. बाईंनी एक कोट अंगावर घालून बघितला, आरशात फिरल्या.

"मी लांब सांगितले होते."

मी टाचणीकडे बघितलं. तिचा हात मनगटावरच्या उशीकडे गेला. म्हटलं, आता हं हं. हात थांबला.

"हो. कापताना चूक झाली," ती म्हणाली. "माझी चूक. म्हणून आखूड केले. पण नीट झालेत."

"नीट झालेत, नाही कोण म्हणतंय. पण मग किंमत कमी कर."

"नाही करणार."

बाईंनी चष्मा वर केला. मीही केला असता, चष्मा असता तर.

"कापड कमी लागलं ना?"

"कापड तेवढंच लागलं. काम दुप्पट झालं. ठरल्या किमतीला घ्या. नको असतील तर राहू द्या, तुम्ही सांगितलेले हे नाहीतच."

बाई बराच वेळ शिवणी बघत राहिल्या. मग थोडे कोट बाजूला काढले. "एवढे चालतील. बाकीचे तुझे तू बघ." दारात जाऊन वळल्या. "तू अशी बोलतेस हे माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," टाचणी म्हणाली.

बाई गेल्यावर ती मटकन इस्त्रीच्या टेबलावर बसली. मावशी ओरडल्या, "इस्त्री!" सुदैवाने इस्त्री बंद होती.

निम्म्याहून जास्त कोट उरले होते. शिवाय कंपनीला उत्तर द्यायचं होतं. टाचणी म्हणाली, सुटीच्या दिवशी पुढचं दुकान उघडायचं, कोट तिथेच टांगायचे आणि विकायचे. तिने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. आत्यालाही केला. "आत्या, ये. पण या वेळी पैसे घेऊन ये," असं ती बोलली, तेव्हा मी चिठ्ठ्या लिहीत होते. माझी एक चिठ्ठी वाया गेली.

त्या सकाळी आम्ही दांडीवर कोट लावत होतो. मास्तर देवळात वगैरे जाणारे नाहीत. ते सुटीला उशिरापर्यंत झोपतात, असा आमचा हिशेब होता. ते आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून वरच्या घरातून खाली आले.

"पोरीच्या कोटांची विक्री आणि मी झोपू?"

त्यांनी दांडीवरून कोट काढला. टाचणी म्हणाली, "बाबा, चहा घेता?" त्यांनी ऐकलं नाही. कोटावरून हात फिरवला. लांबी बघितली. मग कोट उलटा केला. कोटाला अस्तर नव्हतं. पुढच्या भागाच्या आतल्या बाजूला खडूने त्यांनीच घातलेला आकडा होता. आकडा डोक्यावर उभा होता.

त्यांनी दुसरा कोट उलटा केला. मग तिसरा. मग खुर्चीवर बसले.

"सगळे?"

"उजव्या बाजू," टाचणी म्हणाली.

मास्तर आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटलं. मावशींनी माझा दंड धरून ठेवला होता, तोही जोरात.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कात्री ठेवली असतीत."

"ठेवली असती." त्यांनी मान वर केली. "दुसऱ्या कोणी कापले असते असे, तर काय केलं असतंस?"

"ओरडले असते."

"मग?"

"मग काय बाबा?"

"मग माझ्यावर ओरड की. मालकीण आहेस ना? का मी नुसता वडीलच आहे इथे?"

टाचणीचा हात ओठांकडे गेला. तोंडात टाचण्या नव्हत्या, धरायला काही नव्हतं. तिने डोळे पुसले आणि खरंच ओरडली. आवाज फाटला.

"लव न बघता कापड अंथरलंतच कसं तुम्ही? इतकी वर्षं झाली कात्री धरून! यापुढे कापडावर बाण काढल्याशिवाय कात्री लावायची नाही. दिशा दाखवणारा मोठा बाण. मला दिसला पाहिजे. कळलं?"

"कळलं, मालकीणबाई."

"आणि हसायचं नाही."

"नाही हसत."

मावशी मात्र हसल्या आणि रडल्या. दोन्ही एकदम केल्यामुळे त्यांना ठसका लागला. तेवढ्यात दारात आत्या उभी.

त्या दिवशी टाचणीने प्रत्येक कोटाची किंमत तोंडाने सांगितली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. कोणालाही चक्कर आली नाही. आत्या म्हणाली, "एवढे?" टाचणी म्हणाली, "एवढे." आत्याने पर्स उघडली. मास्तर गिऱ्हाइकांना सांगत होते, "हात फिरवून बघा. वरून खाली. हं, आता खालून वर. कळला फरक?" संध्याकाळी दांडीवर नुसते हँगर उरले. मधे दुकानवाल्या बाई नव्हत्या, म्हणून त्यांचा वाटाही टाचणीकडेच राहिला. कापड, मावशींची मजुरी, माझ्या चिठ्ठ्या, सगळं देऊन उरलं. धंदा सुरू केल्यापासून पहिल्यांदा उरलं. दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला नाही म्हणून कळवलं.

आता ती दर महिन्याला एकदा पुढचं दुकान उघडते. आधी काही सांगत नाही, काय असेल ते असेल, आणि लोक येतात. मधला पडदा काढून टाकला आहे. मशीनं वाढली. दुकानवाल्या बाई अजून येतात, पण आता टाचणीची किंमत ऐकूनच पिशवी उघडतात. मला पगार आहे. चिठ्ठ्यांशिवाय पत्रव्यवहारही मीच बघते. इतक्या साध्या माणसांनी हे कसं केलं, असं मला अजून वाटतं. मी तिथेच होते, तरी वाटतं.

मास्तर रोज कापतात. कापड अंथरलं की आधी खडू घेतात आणि मोठा बाण काढतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. साध्या सुतीवर काढतात. अस्तरावर काढतात. परवा एक पँट आखूड करायला आली होती, तिच्यावरही काढला.

"बाबा, याला लव नसते," मी म्हणाले. मीही त्यांना आता बाबाच म्हणते.

"मालकिणीचा हुकूम आहे," ते म्हणाले आणि टाचणीकडे बघितलं.

टाचणी गुडघ्यांवर बसून कोणाचा तरी घेर टाचत होती. तिने मान वर करून बाण बघितला.

"अजून मोठा काढा," ती म्हणाली.