दांडीवरचा रुपया

शिरूरच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत सिद्दीकमामाचं दुकान आहे. माणूस अत्यंत तिरसट. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचे हात बघतो, तोंड नंतर. एके काळी घोडनदीपासून भीमेच्या काठापर्यंत लग्नाचा मांडव म्हटला की स्पीकर त्याचाच. पुढे डीजेवाले आले आणि ह्याला कुणी विचारेना. तेव्हापासून तो जुने रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करतो आणि सगळ्या जगावर डाफरतो. पुण्याचे शौकीन गाडी काढून त्याच्या शिव्या खायला येतात, कारण सुईची ती दांडी त्याच्यासारखी कुणाला तोलता येत नाही म्हणे. मला त्याचं काडीचं कौतुक नाही. मी गेले ती नाइलाज झाला म्हणून.

माझं नाव नकुशी. वडगाव रासाईच्या आमच्या धनगराच्या घरात आजोबांना नात नको होती, त्यांनीच ठेवलेलं. आई साखरबाई ओव्या गायची. मी दहा वर्षांची असताना एका कंपनीने तिची छोटी रेकॉर्ड काढली. शेवटच्या ओव्यांत तिने आम्हा तिघा भावंडांची नावं गुंफली, जालिंदर, नवनाथ, आणि माझ्या जागी गायली ‘हौसा’. घरात आजोबांसमोर त्या नावाने हाक मारायची तिची कधी छाती झाली नाही. आता ती नाही; तिच्या तोंडून ते नाव फक्त त्या रेकॉर्डवर होतं.

गेल्या महिन्यात प्लेयरची दांडी अडकली. मी प्लेयर आणि रेकॉर्ड दोन्ही पिशवीत घालून सिद्दीकमामापुढे नेऊन ठेवली. झाकण उघडताच त्याचा पारा चढला. दांडीच्या टोकावर, सुईच्या बरोबर वर, मी चिकटपट्टीने रुपया बसवला होता.

“ह्यो कुणी लावला?”

“मी. सुई उडती.”

“सुईला दोन ग्रॅम लागत्यात, बाई. तुम्ही वर जुना रुपया ठिवलाय. गाणं ऐकत हुता का नांगरत हुता?”

माझंही डोकं फिरलं. “तुम्हीच शिकवलं. आमच्या नवनाथच्या लग्नात आईची रेकॉर्ड लावली, पोरं नाचाय लागली, सुई उडाली. तवा तुम्हीच रुपया ठिवला, आन् आता उडत न्हाई म्हणालात.”

मला वाटलं, आता तरी ओशाळेल. कसला ओशाळतोय!

“मांडवात ठिवायचोच मी. तिथं पन्नास जण नाचत्यात. तुमच्या घरात कोन नाचत हुतं?”

मला त्याला मारावंसं वाटत होतं.

त्याने रुपया उचकटून रस्त्यावर भिरकावला. दांडीच्या सांध्यातलं वाळलेलं ग्रीस काढलं, नवी सुई बसवली. मग दांडीच्या मागच्या टोकाचं वजन केसाएवढं फिरवत राहिला, दांडी हात न लावता अधांतरी आडवी राहीपर्यंत. तिथून सुईवर मोजून दोन ग्रॅम भार दिला. तासभर माझ्याकडे पाहिलंही नाही. मग रेकॉर्ड भिंगाखाली धरली.

“बाकी बरी हाय. शेवटाला एकच जागा पार खरवडलीय. तीच तीच लावत हुता काय?”

चाळीस वर्षं, दर आठवड्याला, तेवढीच तर ओवी लावत होते. खरखर वाढत गेली ती सुई जुनी झाली म्हणून, असं मला वाटायचं. त्याला कशाला सांगू?

त्याने रेकॉर्ड लावली. आईचा आवाज स्वच्छ आला, शेजारी बसून गातेय तसा. जालिंदरचं नाव आलं. नवनाथचं आलं, मांडवात ऐकलं होतं तसंच. मग माझी ओवी सुरू झाली आणि नुसती खरखर आली.

“परत लावू?” सिद्दीकमामा म्हणाला. पहिल्यांदाच आवाज न चढवता बोलला, आणि त्याचा मला जास्तच राग आला.

“नको.”

तेवढ्यात नवनाथचा फोन आला. “झाली का गं दुरुस्त?”

“व्हय,” मी म्हटलं. “तुमच्या दोघांची नावं येत्यात.”