रस्ता दाखवणाऱ्यांची धडधड

जुन्या फायली डिलीट करता येतात, किस्से नाही करता येत. ते साचत जातात आणि दर खेपेला सांगताना थोडे फुगतात. माझे जरा जास्तच फुगतात, असं आमच्या हिचं मत आहे. तेव्हा माझ्या पदरचं मीठ वजा करून ऐका.

नोएडातल्या एका डिझाइन स्टुडिओत मी बरीच वर्षं काढली आहेत. आम्ही पाट्या करतो. हॉस्पिटलात, मॉलमध्ये माणूस शिरला की लिफ्ट कुठे, बाहेर कसं पडायचं, हे सांगणाऱ्या पाट्या आणि बाण. थोडक्यात, ऑफिसात पाट्या टाकतो आणि त्याचाच पगार घेतो! पण जगाला रस्ता दाखवणारी ही मंडळी आतून किती घाबरलेली असतात, ते मला विचारा.

*

आमच्या बॉस चोप्रा मॅडम. डिझाइन बघून नुसतं 'हम्म' म्हणतात. लांब हम्म म्हणजे चालेल, आखूड हम्म म्हणजे पुन्हा कर. या विषयावर ऑफिसात इतका अभ्यास झालाय की कुणाला तरी पीएचडी मिळायला हवी.

हरप्रीत आमचा मॉडेल बनवणारा. दारातून वाकून येतो, एवढा उंच. एकदा त्याच्या मॉडेलपुढे मॅडम थबकल्या आणि नुसतं 'ह्ं' करून निघून गेल्या. हे लांबही नव्हतं, आखूडही नव्हतं! हरप्रीत पांढरा पडला. समोरचे छोले-कुलचे त्यानं मला देऊन टाकले, यावरून काय ते ओळखा. मॉडेल मोडलं, नवं केलं.

मॅडम म्हणाल्या, "पुराना वाला कहाँ गया? कितना अच्छा था!"

"मॅम, आपने ही तो 'ह्ं' किया था..."

"अरे, मेरी दाढ़ में इलायची फँसी थी!"

*

मग केतकी आली. परभणीची पोरगी, हात सोन्याचा. तिचा बाण बघून पाय आपोआप वळावेत! पण दाखवायची वेळ आली की आवाज गायब. सुरुवातच अशी, "हे तसं काही खास नाहीये, पण..."

हरप्रीत म्हणाला, "केतकी, तू सब्ज़ी बेचती तो बोलती, 'भिंडी है, पर कल की है!'"

सगळे हसले. तीही हसली. पण लॅपटॉप तिनं मिटून टाकला होता, ते मला दिसलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्यानं काम केलं, त्यानंच ते क्लायंटसमोर उभं राहून मांडायचं. दुसऱ्यानं मांडलेलं चालत नाही. केतकीचं प्रोबेशन संपत आलं होतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "गाज़ियाबाद वाला हॉस्पिटल केतकी प्रेज़ेंट करेगी. नहीं कर पाई, तो कन्फर्म नहीं करूँगी."

*

त्याच सुमारास मी पार्किंगमध्ये एक नवल पाहिलं. मॅडम गाडीत बसून स्टिअरिंगशी बोलत होत्या. हातवारे करून! मला बघून त्यांनी काच खाली केली.

"प्रॅक्टिस कर रही हूँ. ऊपर क्लायंट बैठा है."

"मॅडम, अजून? इतने साल बाद?"

त्या म्हणाल्या, "जब-जब मेरा प्रमोशन हुआ, डर का भी हुआ."

हे वाक्य म्हणजे रामबाण औषध, असं वाटून मी ते लगेच केतकीला नेऊन पाजलं. म्हटलं, बघ, त्यासुद्धा घाबरतात! तिचा चेहरा आणखीच उतरला.

"म्हणजे काका, हे कधी जातच नाही?"

मी तिच्यासाठी चहा आणायला गेलो. कधीकधी तेवढंच हातात असतं. आणि ऑफिसात काका म्हणू नकोस म्हणून सांगायचं होतं, तेही राहिलं.

*

हॉस्पिटलच्या प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी केतकी म्हणाली, "नाही जमलं तर मी परभणीला जाते. बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे बरं असतं, समोरच्याला आपणच सांगायचं, 'हलू नका.'"

ती विनोद करत नव्हती.

*

गाझियाबादचं ते हॉस्पिटल. मालक स्वतः मोठे डॉक्टर, भरघोस मिशा, जाड भिंगांचा चष्मा. केतकीच्या नमुन्याच्या पाट्या आम्ही लॉबीपासून एक्स-रेच्या खोलीपर्यंत चिकटवल्या होत्या. मोठी अक्षरं, पिवळेधमक बाण.

डॉक्टर खुर्चीत बसले. "हाँ बेटा, बताओ."

केतकी उभी राहिली. गप्प. डॉक्टर बघताहेत, केतकी गप्प. मॅडमनी डोळे मिटले. हरप्रीत वाहेगुरूंचं नाव घेऊ लागला. मी मनातल्या मनात तिचं परभणीचं तिकीट काढलं!

आणि एकदम ती म्हणाली, "सर, आप चष्मा उतार दीजिए."

"क्या?"

"चष्मा. प्लीज़. मुझे दे दीजिए."

डॉक्टरांनी बावचळून चष्मा काढून दिला.

"अब एक्स-रे तक जाइए. किसी से पूछिएगा मत."

तोंडाला कुलूप लागलेली पोरगी आता सलग बोलत होती! बाण एवढा का, पिवळा का, म्हाताऱ्या पेशंटला काय दिसतं, घाबरलेल्या नातेवाइकाला काय दिसतं. डॉक्टर भिंतीकडे बघत पुढे, केतकी बोलत मागे, आणि त्यामागे आमची वरात. दोन वळणं घेऊन डॉक्टर एक्स-रेच्या दाराला थेट जाऊन धडकले.

"कमाल है! इतने साल में पहली बार बिना पूछे पहुँचा हूँ!"

काम मंजूर. मॅडमनी तिथल्या तिथे केतकीचा हात हातात घेतला. "कन्फर्म्ड!" आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मॅडम ही चष्म्याची गोष्ट सांगतात. डिझाइन कसं तपासावं, त्याचा नमुना म्हणून!

परतताना कॅबमध्ये मी विचारलं, "केतकी, ही चष्म्याची आयडिया कधीपासून डोक्यात होती गं?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कसली आयडिया, काका? ते एकटक माझ्याकडेच बघत होते. म्हटलं, आधी त्यांना मी दिसायची बंद झाले पाहिजे."