बाईंच्या पायाचं वजन

मी आठवीत शाळा सोडली. तेव्हापासून कुठलीही निवड करायची म्हटली की माझ्या तळहाताला घाम सुटतो. शिकलेल्या माणसाचं चुकलं तर लोक म्हणतात, होतं असं. माझं चुकलं तर म्हणतील, शाळा सोडलेला गडी, दुसरं काय होणार. म्हणून साधा बोल्ट घ्यायचा असला तरी मी तीनदा मोजतो, वहीत लिहितो आणि दुकानात पोचल्यावर वही घरी राहिली की काय म्हणून खिसे चाचपतो. बाईंच्या जीपला इंजिन आणि गिअरबॉक्स निवडायचा होता तेव्हा तर मी अख्खी वही भरली, आणि तरीही चुकणारच होतो.

मी कराडकडचा. सूरजागडच्या लोहखाणीचा माल वाहणाऱ्या ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून इकडे आलो. दुसऱ्याच पावसाळ्यात मलेरियाने धरलं. आष्टीच्या अलीकडे ट्रेलर कडेला लावून मी झाडाखाली कुडकुडत पडलो होतो, तेव्हा बाजारातून परतणारी एक जुनी लांब जीप थांबली. चालवायला एक पन्नाशीच्या बाई, शेजारी त्यांचे यजमान. मासळीच्या रिकाम्या टबांमध्ये मला आडवं घालून त्यांनी दवाखान्यात नेलं आणि तिथून थेट स्वतःच्या घरी. पंधरा दिवस भाताची पेज आणि मरळीचा रस्सा पिऊन मी पायावर उभा राहिलो. ट्रेलरवर परत गेलोच नाही. गाड्यांचं थोडं काम हाताला येत होतं, उरलेलं चंद्रपूरच्या एका उस्तादांकडे काही महिने राहून शिकलो. त्यांच्याच घराला लागून चार टिनपत्रे ठोकले आणि गॅरेज टाकलं. त्याला आता सहा वर्षं झाली. मी त्यांना भाऊ आणि बाई म्हणतो, ते मला बाबू म्हणतात. आई फोनवर विचारते, एवढ्या लांब तुझं आहे तरी कोण? मी सांगतो, दोन माणसं आहेत.

त्या घराची रीत अशी, की तलावात जाळं भाऊंचं आणि बाजारात काटा बाईंचा. भाऊंचा एक डोळा लहानपणापासून अधू, म्हणून गाडीही बाईच चालवायच्या. आठवड्याला पाच गावचे बाजार. जीपचा दुसरा गिअर निसटायचा. तो टाकला की बाई डाव्या गुडघ्याने दांडा दाबून धरायच्या, आणि तशाच अवस्थेत रस्त्यातल्या बकऱ्यांच्या मालकाला चार शब्द सुनवायच्या.

मागच्या उन्हाळ्यात बाजारातून येताना गाडी तापली. कुणीतरी मदत म्हणून तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं आणि ब्लॉक तडकला. इंजिन गेलंच आहे तर त्यासोबत तो निसटणारा गिअरबॉक्सही बदलू, असं मी म्हणालो. पैशांची जमवाजमव होईपर्यंत पावसाळा लागला, आणि त्या पावसात बाई तलावाच्या पाळीवरून घसरल्या. डावा गुडघा. हाड शाबूत होतं, पण पाय पहिल्यासारखा राहिला नाही.

मग बाई दुसऱ्यांच्या ऑटोने बाजाराला जाऊ लागल्या. ऑटोवाला सगळी माणसं भरल्याशिवाय निघायचा नाही. बाई पोचेपर्यंत त्यांची नेहमीची जागा गेलेली असायची आणि मासळीही मऊ पडायची. भाऊंचा पुतण्या एकदा म्हणाला, नवं इंजिन बसवलं की ड्रायव्हर ठेवून घ्या.

बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अन् मी काय करू? वरातीतल्या नवरीवानी बसू काय आपल्याच गाडीत?"

  आता प्रश्न नुसता गाडी चालू होण्याचा नव्हता. बाई पुन्हा त्या सीटवर बसणार की नाही, हे मी काय निवडतो त्यावर होतं.

चंद्रपूरला ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते उस्ताद फोनवर म्हणाले, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतले घे. दोन घरचे आणून जोडत बसलास तर आयुष्य जोडण्यात जाईल. हे मला पटलं. फ्लायव्हील, क्लच, दोघांना जोडणारं मधलं घर, सगळं एकमेकांच्या ओळखीचं असतं. मोबाईलवर मी कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांना घरच्या अंगणात इंजिन बदलताना पाहिलं. सगळे ताकदीबद्दल बोलत होते. गुडघ्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

दोन गाड्या माझ्या नजरेत होत्या. एक सिरोंच्याला, उलटलेली पिकअप. मागचा भाग चेपलेला, पण टर्बोचं दणकट इंजिन आणि पाच गिअर. दुसरी कोरपन्याला, रस्त्यावरून निवृत्त झालेली काळीपिवळी टॅक्सी जीप. छोटं साधं इंजिन, चारच गिअर. ज्याला विचारावं तो म्हणे, सिरोंच्याची घे, डोळे मिटून घे. मलाही तीच हवी होती. भीती फक्त एकच होती. दणकट इंजिनाचा क्लचही दणकट, पायाला जड असतो.

म्हणून मी एक युक्ती काढली. मोठी कतला मासळी आकड्याला लटकवून तोलायचा बाईंचा तबकडीचा काटा घेतला आणि मांडवाच्या खांबाला बांधला. पुढे, खांबाकडे पाठ करून, प्लास्टिकची खुर्ची मांडली. काट्याच्या आकड्याला दोरी, आणि दोरीचा फास बाईंच्या डाव्या तळपायाला. पाय पुढे रेटला की दोरी ताणणार, काटा फिरणार.

"बाई, जमेल तेवढं दाबा."

"किती पाह्यजे तुले?"

"मला काही नको. तुम्हाला किती जमतं ते बघायचंय."

"म्हंजे मलेच तोलून राह्यला तू."

भाऊ ओसरीवर जाळं शिवत होते. ते म्हणाले, "तोल, तोल. फक्त भाव नको सांगू कोणाले."

बाईंनी पाठ खुर्चीला टेकवली आणि पाय रेटला. काटा सोळा किलोवर जाऊन थांबला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "लिही," त्या म्हणाल्या. मी वहीत सोळा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काटा पिशवीत टाकून मी मोटरसायकलवर सिरोंच्याला गेलो. पिकअपच्या क्लच पेडलला दोरी बांधली, ती पुढच्या पत्र्यातल्या भोकातून बाहेर काढली आणि काट्याने ओढू लागलो. गाडीचा मालक गोदावरीकाठचा, तेलुगू बोलणारा. तो कमरेवर हात ठेवून पाहत होता. म्हणाला, "चेपलु लेवु, तम्मुडू." मासे नाहीत रे इथं, लहान भावा. मग मराठीत म्हणाला, "आजवर लोक इंजिनाचा आवाज ऐकाले आले. तोलाले तूच पहिला आला."

पेडल तळाला टेकलं तेव्हा काटा पंधरावर होता. सोळाच्या खाली पंधरा. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला तिथेच शब्द दिला, गुरुवारी टेम्पो घेऊन येतो.

रात्र अहेरीला एका ओळखीच्याकडे काढून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. मागच्या अंगणात बाई पालथ्या टबावर पाय ठेवून बसल्या होत्या आणि भाऊ त्यांच्या गुडघ्याला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळत होते. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. मला पाहताच बाईंनी लुगडं खाली ओढलं.

"किती निघालं?"

"पंधरा."

"मग बसते. आपलं सोळा आहे." असं म्हणून त्या भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने भाऊ गॅरेजात आले. पान्यांच्या डब्यात उगाच हात घालत म्हणाले, "बाबू, तू कोणाले तोललं ते मालूम आहे का तुले?"

"बाईंना."

"चाळीस वरसं बाजारात बसलेल्या बाईले तोललं तू. किलोच्या जागी किलो तिनं कधी देल्लं नाई. काटा खाली गेल्यावरही वरून दोन झिंगे टाकते, तवा तिचा हात थांबते. तू तिच्या पायाले काटा लावला अन् म्हणला, जमन तेवढं. ते बाई कमी देईन काय? त्या दिवसापासून भिंत धरून चालून राह्यली."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मले शपथ घातली न गा. आता मोडली."

मी वही उघडून त्या सोळाकडे बघत राहिलो. सहा वर्षं मी बाईंना ते वरचे झिंगे, ती तळ्यातली कोळंबी, टाकताना पाहत होतो. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी टाकायच्या. मला कळायला हवं होतं. आणि आता त्यांच्यासमोर जाऊन, तुमचं माप खोटं आहे, असं म्हणणं माझ्या जिभेला कधीच झेपणार नव्हतं. ज्या बाईंनी मला मरणातून उचललं त्यांना मी तसं म्हणू?

 तिसऱ्या दिवशी बाजारात बाईंचे टब उचलायला गेलो. मासळी संपल्यावर बाई भाजी घ्यायला वळल्या, आणि मी नेहमीचं दृश्य पाहिलं. विकताना झुकतं माप देणारी हीच बाई घेताना वेगळी असते. वांगं न् वांगं उलटून बघते. भाजीवाल्याचा काटा रिकामा धरायला लावते. "हे वांगं आहे का किड्याचं घर?" विचारते. भाजीवाला हात जोडतो आणि खरं तेच देतो.

परतताना मी म्हणालो, "बाई, कोरपन्याला एक काळीपिवळी आहे. मला काही ती पटत नाही. तुम्ही येऊन बघता का?"

"मले काय समजते इंजिनातलं?"

"वांग्यातलं समजतं ना."

त्या हसल्या. "चल मग. पाहू तुयी वांगी."

सिरोंच्याच्या माणसाला मी फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, वजन जास्त भरलं का? मी हो म्हणालो.

कोरपन्याची काळीपिवळी कापसाच्या वावराच्या कडेला उभी होती. पूर्वी ती सिमेंट कारखान्यांच्या मजुरांची ने-आण करायची. काटा मी मुद्दाम घरी ठेवला होता. बाई चढून सीटवर बसल्या, आणि त्यांच्या अंगात गिऱ्हाईक संचारलं.

"हे कायची धूळ?"

"सिमेंटची, बाई," मालक म्हणाला. "आतून पक्की झाली गाडी."

"पक्की झाली, तं दार काऊन हालून राह्यलं?"

मी बॅटरी जोडून इंजिन चालू करून दिलं. बाई बोलत होत्या आणि पाय आपोआप चालला होता. क्लच दाबला, पहिला टाकला, काढला. दाबला, दुसरा. आरशावर बोलणं झालं, तिसरा अडकतो यावर बोलणं झालं, मालकाची दोन पोरं काय शिकतात तेही विचारून झालं. मी खिडकीपाशी उभा राहून मनात मोजत होतो. तीसच्या पुढे गेलो आणि सोडून दिलं. त्यांनी एकदाही सीटची कड धरली नाही. एकदाही ओठ चावला नाही.

शेवटी मालक चहा सांगायला गेला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "हे पाय खात नाई."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याची गोष्ट कुठी आली? मी गाडी पाहून राह्यली." मग जरा थांबून, "दम कमी आहे याच्यात."

"आहेच. पुलाच्या चढावर मागे पडेल."

"पडन तं पडन. मासोळ्या उतरून पळत नाई."

आम्ही ती घेतली. इंजिन, गिअरबॉक्स, आणि त्याच्यासोबत क्लचचं पेडल आणि त्याचा तेलाचा सिलिंडरही, कारण बाईंनी पसंत केला होता तो पाय आणि क्लच यांच्यामधला सगळा रस्ता. त्यातलं काहीही बदललं तर वजन बदललं असतं. क्लच प्लेट, रिलीज बेरिंग आणि सिलिंडरची रबरं तेवढी नवी आणली, मापाला माप लावून. गिअरबॉक्स आमच्या जुन्यापेक्षा आखूड होता, म्हणून मागचा लांब शाफ्ट चंद्रपूरच्या लेथवर वाढवून घेतला. तिसऱ्या गिअरचा अडसर गिअरबॉक्स उघडून काढला. इंजिनाचे पाय नव्या जागी वेल्डिंगने बसवले. गिअरचा दांडा जरा पुढे येत होता, तो वाकवून बाईंच्या हाताशी आणला. भाऊ उजेड धरायला असायचे. "मले एकाच डोळ्यानं दिसते," म्हणायचे, "पण हा बोल्ट वाकडा आहे." आणि तो असायचा. इंजिन बदलल्याची नोंद करायला आरटीओचा फॉर्म आला तेव्हा माझे हात पुन्हा ओले झाले. तो पुतण्याने भरला.

पहिल्या दिवशी गोंडपिपरीचा बाजार होता. सकाळी टब भरले, आणि मी बाईंच्या शेजारी बसलो. भाऊ मुद्दाम मागे राहिले. बाईंनी क्लच दाबला आणि जीप हळूच निघाली. मी आवाज ऐकत होतो, वास घेत होतो, पायाखालचा पत्रा तापतो का बघत होतो. दुसऱ्या गिअरला बाईंचा गुडघा सवयीने दांड्याकडे सरकला आणि तिथं दाबण्यासारखं काही नाही हे कळून परत आला. वैनगंगेच्या पुलाच्या चढावर भरलेला ट्रेलरसुद्धा आम्हाला मागे टाकून गेला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पूल ओलांडल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"उतर."

"काय झालं? दुखतंय?"

"तू कवापासून ब्रेक दाबून राह्यला. तिकडं ब्रेक नाई आहे."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय पत्र्यावर घट्ट रोवलेला होता.

"मले एकटीनं जाऊ दे, बाबू. तू घरी जाऊन जेव."

मी उतरलो. जीप निघाली. पहिला, मग दुसरा. तिसरा अलगद पडला, अडसर नव्हता. पुढे रस्ता झाडांत वळतो. चौथा पडला की नाही ते वळणाआड मला ऐकू आलं नाही. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, आणि मग पडला असेल असं धरून पुलावरून परत चालू लागलो.