लाइन कोण अडवून राहिलं?

पहिलेच सांगून ठेवतो, हे मी माझ्या मनानं लिहून राहिलो नाही. युनियनच्या शेंडेभाऊनं डोकं खाल्लं. "काकाजी, युनियनची स्मरणिका निघून राहिली, तुमचा तो किस्सा पाहिजेच." अबे, माणसाची फजिती झाली तर तिच्यावर माती टाकावी, का छापून वाटावी? मी चौथीतून पळालेला माणूस. वेलांटी कुठं पहिली अन् कुठं दुसरी, मले आजही समजत नाही. म्हटलं, नाही लिहीत जा! तर म्हणते, "मग मीच लिहितो." त्याच्यापेक्षा मी बरा. तो लिहीन तर मले साधुसंत करून शेवटी हार घालीन.

तर ऐका. म्हणजे वाचा. हातात चहा असला तर बरंच.

मी हमाल. लकडगंजाच्या अंगानं एक मोठं गोदाम आहे, तिथं आमची अकरा जणांची टोळी. रामटेककडून तांदळाचे ट्रक येते. ते खाली करायचे अन् आत पोत्यांची थप्पी रचायची. थप्पी उंच झाली की तिले एक लाकडी फळी टेकवतो. रुंदी हातभर. तिच्यावरून एकामागं एक चढायचं.

टोळीचा जुना कायदा असा, की सगळ्यात जुना माणूस पुढं. त्यानं पाठीवर पोतं घेतल्याशिवाय मागच्यानं घ्यायचं नाही, अन् फळीवर त्याले ओलांडायचं नाही. सगळ्यायची फेरी बरोबर. कोणाले ओझं जास्त नाही, कोणाले कमी नाही. आता टोळीत जुना कोण? मीच! पंधरा वर्षांपासून पुढं मीच.

उतरायची तऱ्हा वेगळी. पोट्टे थप्पीच्या मागच्या अंगानं धपाधप उड्या मारते. मी नाही मारत. मग फळी काय शोभेले दिली? मी वर पोतं टाकतो, बाजूले उभा राहतो, दहाही जण चढून गेले की फळीनं इज्जतीत उतरतो.

हे नीट ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून तर लिहायची पाळी आली!

आधी रोजचे दोन ट्रक चार वाजेपर्यंत खाली व्हायचे. मग पाच वाजू लागले. मग सहा. मग दिवे लावून सात. आमची सुट्टी पाचले. पाचच्या पुढं ओव्हरटाइम, भाव दुप्पट. मले लगेच वास आला. म्हटलं, पोट्टे मुद्दाम रेंगाळून राहिले! आमच्या वेळी क्विंटलचं पोतं होतं, तरी आम्ही पळायचो. याइचं पन्नास किलोचं, अन् चाल पाहा, जशी मयतीले चालली!

अन् पुरावा रोज डोळ्यासमोर. मी फळीवरून खाली येतो, तर दहाचे दहा पोत्यांवर बसलेले! एक तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राहिला, एक मोबाइलमध्ये डोकं घालून. संजू तर चक्क आडवा, डोळे मिटून! हा संजू लाइनीत माझ्या बरोब्बर मागं चालते. धिप्पाड पोट्टा, दोन पोते एकदम उचलीन असा. म्हणून मले त्याचाच राग जास्त.

"अबे, बसले काहून?"

"तुमची वाट पाहून राहिलो, काकाजी."

"माझी वाट पाहायले मी काय नवरदेव आहो?"

"तुम्ही पोतं घ्याल तवाच फेरी निघन ना."

"तोंड चालवते नुसतं! पाठ चालव!"

पाहा! उत्तर तिथंच होतं. पोट्ट्यानं ताटात वाढून समोर ठेवलं होतं. पण खाणाऱ्याचं तोंड दुसरीकडेच, त्याले कोण काय करन?

फळीवर तर याच्यापेक्षा मजा. पाठीवर पोतं असलं की मागं वळून पाहता येत नाही, पण कानाले सगळं समजते. मी अर्ध्या फळीवर जरा थांबलो, दमलो म्हणून नाही, अंदाज घ्यायले, की मागचे पायही बंद! म्हणजे मी थांबलो की हे लगेच थांबते!

मी ओरडतो, "चाला बे, पाय उचला!"

मागून संजू म्हणते, "चला ना, काकाजी."

"मले काय सांगतो? तू चाल!"

"तुम्ही चला, मी आलोच."

किती उद्धट वाटलं असन मले, सांगा!

एक दिवस मी त्याले नको ते बोललो. म्हटलं, "ओव्हरटाइमसाठी आंग चोरून राहिला. तुझ्या पोरीच्या तोंडात हरामाचा घास घालतो बे तू." संजू उठला. खर्रा थुंकला, तोंड धुतलं, अन् येऊन उभा राहिला. मले वाटलं, चोराच्या मनात चांदणं!

दुसऱ्याच दिवशी मी शेंडेभाऊले गाठलं. "अर्ज लिही."

"काकाजी, ऑफिसात नका जाऊ ना. आपसात पाहू."

"म्हणजे तूही त्यायलेच मिळालेला! लिही म्हटलं ना!"

मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. 'आमच्या टोळीत काम रेंगाळून राहिलं. तरी साहेबांनी तपास करावा, अन् जो माणूस लाइन अडवते, त्याले त्याच दिवशी टोळीतून काढावं. मग तो कितीही युनियनचा असो.'

शेंडेभाऊचा पेन थांबला. "काकाजी, 'त्याच दिवशी' राहू देऊ का?"

"राहू दे. अन् खाली रेघ मार."

मी सही ठोकली अन् कागद थेट साहेबाच्या टेबलावर. साहेब नवीन, प्रताप नगरहून येते. माणूस चांगला, पण कागदाचा. कागद आला की कारवाई झालीच पाहिजे. म्हणे, "छताले कॅमेरे लावले आहेत, कालचंच पाहून घेऊ." त्यानं सगळ्या टोळीले ऑफिसात बोलावलं. मी सगळ्यात पुढं, कमरेवर हात. आजूबाजूले दहा जण, पाण्यात भिजल्या कोंबड्यांसारखे. शेंडेभाऊ दाराशी.

पडद्यावर गोदाम दिसलं. कॅमेरा मागच्या अंगानं, वरून. नुसत्या पाठी दिसून राहिल्या. फेरी निघाली. अन् काय सांगू! सगळ्यात पुढं एक म्हातारा. कमरेतून वाकलेला. तीन पावलं चालला, थांबला. दोन चालला, थांबला. पाय तर उचलतच नव्हता, घासून राहिला होता. अन् मागं दहा जण पोते घेऊन ताटकळत, जसं बैलगाडीमागं मोटारी अडकाव्या!

मी टाळीच वाजवली. "हाच! साहेब, हाच तो! पाहा कसा मेल्यासारखा चालून राहिला! अशाले कोणं घेतलं बे टोळीत?"

मी टोळीकडे वळलो.

"कोण आहे हा? नाव सांगा याचं! घाबरता कोणाले?"

संजू जमिनीकडे पाहून राहिला. शेंडेभाऊ पंख्याकडे.

"साहेब, थोडं पुढं सरकवा. तोंड दिसू द्या भैताडाचं!"

साहेबानं सरकवलं. म्हातारा एकदाचा वर पोहोचला, पोतं टाकलं. पोतं बाजूले झालं तशी त्याच्या खांद्यावरची गादी दिसली. हिरवी, पिवळ्या बुट्ट्याची. ओझं बोचू नये म्हणून बायकोनं जुन्या लुगड्याची शिवून देल्ली होती. कोणाच्या बायकोनं? माझ्या! माझ्याच खांद्यावर होती ती, त्या वेळीही, ऑफिसात उभा होतो तेव्हाही!

माझा हात हळूच खांद्यावर गेला. साऱ्यायनं पाहिलं.

पण साहेबाचं बोट बटणावरच राहिलं अन् सिनेमा चालूच. पोट्ट्यांनी मागून उड्या टाकल्या. संजू मात्र फिरून फळीच्या बुडाशी आला, अन् फळी हलू नये म्हणून तिच्यावर पाय दाबून उभा राहिला. वरून मी उतरून राहिलो, पाठमोरा, लहान पोर शिडी उतरते तसा. इज्जतीत म्हणे! दोन पावलं राहिली तसा संजू तिथून पळाला, पोत्यांवर जाऊन आडवा पडला अन् डोळे मिटून घेतले.

मग मी उतरलो, वळलो, अन् त्याले शिव्या घालायले लागलो.



साहेबानं अर्ज हातात घेतला. "काकाजी, तुम्ही 'त्याच दिवशी' लिहिलं आहे. रेघही मारली आहे."

रिटायर व्हायले सात महिने होते. सात महिने निभून गेले असते, तर टोळीनं वाजतगाजत घरी पोहोचवलं असतं. अन् आता माझ्याच सहीनं मले हाकलणार! चाळीस वर्षं पाठ वाकवली, ती अशी घरी न्यायची?

तेवढ्यात संजू खालीच बसला, फरशीवर. त्याच्या मागं एक एक करून बाकीचे नऊही जण.

साहेब म्हणे, "हे काय? संप आहे का?"

"नाही साहेब," संजू म्हणे. "आमाले बसायचीच सवय आहे. काकाजीले विचारा."

साहेब हसला. मले हसू येईना. मी त्याच्याजवळ वाकलो. "काहून नाही सांगितलं बे?"

"रोज सांगितलं. वाट पाहून राहिलो म्हणून."

"अन् ओव्हरटाइम?"

"कोणाले पाहिजे तो? पोरगी सायकल शिकवा म्हणून मागं लागली आहे. दोन वर्षं झाले, उजेडात घरी पोहोचलो नाही."

"मग मले बाजूले काहून नाही केलं?"

संजू म्हणे, "काकूनं शपथ घातली होती."

मग त्यानंच सांगितलं, दोन वर्षांमागं मी तापातून उठून कामावर गेलो, तेव्हा डबा विसरलो होतो. बायको तो घेऊन गोदामात आली. मी ट्रकपाशी होतो. तेवढ्या वेळात तिनं सगळ्या टोळीले सांगितलं, "याइले पुढून हटवू नका, अन् सांगू बी नका. मागं चालायले लावलं तर हा माणूस मरन. अन् घरी बसवला तर मी मरन."

मी साहेबाच्या हातातून अर्ज घेतला. "साहेब, 'टोळीतून काढावं' खोडा. 'पुढून काढावं' लिहा."

"नक्की?"

"रेघ मारू का?"

दुसऱ्या दिवसापासून मी लाइनीत शेवटी. पुढं संजू. दोन ट्रक पावणेचारले खाली! ओव्हरटाइम बंद. सगळ्यायले मी तर्री-पोहे खाऊ घातले. संजूपुढं हात जोडले. म्हटलं, "पोरीच्या घासाचं बोललो, ते बोलणारी माझी जीभ झडो."

"जाऊ द्या ना गा काकाजी, पोहे थंडे होऊन राहिले," म्हणे.

त्याची पोरगी आता सायकल चालवते. परवा तिनं ती माझ्याच पायावर घातली. मी काही बोललो नाही. बोलायचा माझा हक्क आता काही दिवस बंद आहे.

म्हणजे टोळीची माफी मागून झाली. साहेबाची झाली. शेंडेभाऊची हे लिहून फिटली. पण माझी माफी कोणी मागायची? दोन वर्षं माझ्या पाठीमागं कारस्थान चाललं, त्याचं काय? त्या दिवशी घरी जाऊन डबा आदळला अन् म्हटलं, "काहून वं, मले न विचारता माझ्या टोळीत पंचायत भरवते? माफी माग!"

ती पोळ्या लाटून राहिली होती. मान वर न करता म्हणे, "मागीन ना. पण आत्ता नाही. सात महिन्यानं तुमी घरी बसाल. तवा दिवसभर भांडायले काहीतरी शिल्लक पाहिजे."

शेंडेभाऊ, बाकी काहीही कापा. हे नाव मात्र जसंच्या तसं छापा, मोठ्या अक्षरात, ज्या बाईकडून माझी माफी अजून येणं आहे तिचं: पंचफुलाबाई.